डबलबेडवरचा वारणेचा तह

गादीच्या दुकानात शिरलेलं जोडपं लांबूनही ओळखू येतं. सोन्याच्या दुकानात बायको पुढे आणि नवरा मागे असतो. मोबाइलच्या दुकानात नवरा आत आणि बायको बाहेर पायरीवर फोनवर बोलत असते. गादीच्या दुकानात मात्र दोघं एका रेषेत, किंचित ओशाळून शिरतात. कारण पुढच्या पाच मिनिटांत आपल्याला काय करायचंय हे दोघांनाही ठाऊक असतं : भर दुपारी, शोकेसच्या काचेमागे, समोरच्या बसस्टॉपवरच्या रांगेदेखत चपला काढून शेजारी शेजारी आडवं व्हायचंय. सेल्समन "आरामात झोपा सर, मॅडम तुम्हीपण" म्हणतो आणि तिथेच उभा राहतो. नवरा पोटावर हात बांधून छताकडे बघतो, बायको पर्स छातीशी धरून छताकडे बघते, आणि दोघांचे पाय अंत्यदर्शनाला ठेवल्यासारखे जुळलेले असतात. "कशी वाटते?" "तुला?" "मला चालेल." "चालेल म्हणजे? आवडली का?" "तुला आवडली असेल तर मला चालेल." एवढा संवाद होईतो चाळीस सेकंद संपलेली असतात, कारण बाहेर गाडी डबल पार्क केलेली असते. या चाळीस सेकंदांच्या बळावर पुढची दहा वर्षं काढायची. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमालासुद्धा यापेक्षा जास्त वेळ मिळतो, आणि तिथे निदान बसायला तरी देतात.

घरी आल्यावर पंधरा दिवसांत निकाल लागतो. एकाला ती गादी दगड वाटते आणि दुसऱ्याला चिखल. मग सुरू होतं, "तूच हो म्हणालास." "मी चालेल म्हणालो होतो." या भांडणात कोण बरोबर, असा प्रश्न आजवर अनेक सासवांनी, मेहुण्यांनी आणि शेजाऱ्यांनी आपापल्या परीने सोडवायचा प्रयत्न केला आहे. माझं म्हणणं असं की दोघंही बरोबर आहेत. दोघांना सारखी मानवेल अशी एक गादी नसतेच, ती शोधायला निघणं हीच चूक. शहाण्या जोडप्याने एका पलंगावर दोन गाद्या घ्याव्यात, ज्याची त्याने निवडावी, आणि वर एक चादर घालून जगाला एक गादी दाखवावी. हा उपाय काही मी शोधलेला नाही. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परत आले आणि एका गादीवर दोन हक्क उभे राहिले. चोवीस वर्षं हा तंटा चालला. शेवटी १७३१ साली वारणेचा तह झाला, साताऱ्याची एक आणि कोल्हापूरची एक अशा दोन गाद्या दोघांनी मान्य केल्या आणि वारणा नदी मध्ये ठेवली. एका गादीवरून भांडण्यात चोवीस वर्षं घालवायची आणि मग दोन करायच्या, असा अनुभव ज्या समाजाच्या गाठीशी आहे, त्याने डबलबेडच्या बाबतीत तेवढा उशीर करू नये, एवढीच माझी विनंती.

आता पुरावा. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली स्प्रिंगचा नियम छापला. जितका भार तितकी स्प्रिंग दबणार, हे त्याचं सार. हूक आजन्म अविवाहित राहिला, त्यामुळे या नियमाचा पुढचा भाग त्याला सुचण्याचं कारण नव्हतं. तो असा : नवरा पंच्याऐंशी किलोचा आणि बायको पंचावन्न किलोची असेल, तर एकाच स्प्रिंगच्या गादीत नवरा खोल जातो आणि बायको वर राहते. नवरा म्हणतो "मऊ आहे", बायको म्हणते "कडक आहे", आणि दोघंही खरं बोलत असतात. संसारात इतका दुर्मिळ योग हूकच्या नियमामुळे येतो, पण त्याचा आनंद कुणी घेत नाही. बरं, गोष्ट इथे थांबत नाही. जड माणूस जिथे झोपतो तिथे कालांतराने खळगा होतो, खळग्याला उतार येतो आणि हलका माणूस झोपेत त्या उताराने घरंगळत येतो. पहाटे तो पुन्हा आपल्या टोकाला चढून जातो. संसारात जोडीदार जवळ ओढला जातो यात प्रेमाचा वाटा किती आणि गुरुत्वाकर्षणाचा किती, याचा छडा गादी बदलल्याशिवाय लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच काही जण ती बदलत नसावेत. गादीच्या वॉरंटीत खळग्याची खोली मोजायची तरतूद असते. तो खळगा कुणाचा, हा मजकूर कंपनीने शहाणपणाने गाळलेला असतो.

त्यात झोपायच्या तऱ्हा. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कंबर आत जायला गादीने थोडी जागा द्यावी लागते, म्हणजे त्याला मऊ हवी. पालथं किंवा उताणं झोपणाऱ्याची कंबर मऊ गादीत झोळीसारखी लोंबते, त्याला जरा टणक हवी. पत्रिका जुळवताना नाडी, गण, गोत्र सगळं बघतात, मुलगा कुशीवर झोपतो की उताणा हे एकही गुरुजी विचारत नाहीत. छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळलेली जोडपी गादीच्या दुकानात शून्यावर बाद होतात ती यामुळे.

यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो. "ही सगळी थेरं आहेत. कडक गादी घ्या, पाठ सरळ राहते. आम्ही फळीवर झोपत आलो." कंबर आणि फळी यांचं नातं आपल्याकडे इतकं पवित्र मानलं जातं की त्याविरुद्ध बोलणं म्हणजे तुळशीला पाणी घालू नका म्हणण्यासारखं. पण स्पेनमधल्या डॉक्टरांनी ही धिटाई केली. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखं विभागून काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या, नव्वद दिवसांनी त्यांच्या कंबरेची विचारपूस केली आणि २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापला : मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं अधिक कमी झालं. म्हणजे फळीचा पक्ष हरला. आता दुसऱ्या बाजूचे लोक लगेच उठून म्हणतील, "बघा, मग दोघांनी मिळून एक मध्यम कडक घ्या, संपला विषय." पण मध्यम म्हणजे कुणाचं मध्यम? वर हूकने सांगितलंच आहे की पंच्याऐंशी किलोचं मध्यम हे पंचावन्न किलोचं कडक असतं. शिवाय त्या प्रयोगात कंबर मोजली ती रुग्णाची. शेजारी झोपणाऱ्याच्या कंबरेची चौकशी हा त्या डॉक्टरांचा विषय नव्हता, आणि ज्याचा विषय असतो तो डॉक्टर नसतो, तो जोडीदार असतो.

दुकानात हा गुंता सोडवायला दोन शब्द ठेवलेले असतात, ऑर्थो आणि डेन्सिटी. ऑर्थो हे उपाधीसारखं गादीच्या नावापुढे लागतं. फरक इतकाच की माणसाला ती लावायला दहा-बारा वर्षं शिकावं लागतं आणि गादीला एक स्टिकर पुरतो. डेन्सिटी हा खास नवऱ्यांचा शब्द. गादीतलं काही कळत नसलं तरी आकडा विचारता आला की मान राहतो, या न्यायाने नवरे "फोम किती डेन्सिटीचा?" असं विचारतात, सेल्समन "चाळीस" म्हणतो, आणि नवरा इंजिनाची सीसी ऐकल्यासारखी मान डोलावतो. वास्तविक चाळीस डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन चाळीस किलो. त्यावरून गादी किती टिकेल याचा अंदाज बांधता येतो, ती मऊ आहे की कडक याचा नाही. जड फोम लोण्यासारखा असू शकतो आणि हलका फोम पाटीसारखा. बायकांची पद्धत निराळी. त्या कलिंगड निवडावं तशी गादी तळहाताने दाबतात, मग मुठीने ठोकतात आणि आवाज ऐकतात. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही पद्धती सारख्याच निरुपयोगी आहेत, पण ठोकण्यात निदान आकड्यांचा आव नसतो.

मध्यमाच्या पक्षाला मी इतक्यात सोडणार नाही, कारण मराठी माणसाचा मध्यमावर फार विश्वास. मिसळ मध्यम, वर्ग मध्यम, आवाजाची पट्टी मध्यम. दोघांच्या आवडीची बेरीज करून दोनने भागली की न्याय झाला, असं आपल्याला मनापासून वाटतं. १९५० साली अमेरिकेच्या हवाई दलालाही असंच वाटत होतं. विमानातली बैठक सरासरी वैमानिकाच्या मापाने बेतलेली होती आणि वैमानिकांना विमानं सांभाळता येत नव्हती. तेव्हा गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली. दहा मुख्य मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती? एकही नाही. सरासरीसाठी शिवलेला सदरा चार हजारांत एकालाही येत नव्हता. मग बैठकी पुढेमागे, वरखाली सरकवता येतील अशा करायचं ठरलं. तिथे चार हजार माणसं होती, इथे दोनच आहेत, हे मला मान्य. पण त्या चार हजारांना एकमेकांशी लग्न करायचं नव्हतं.

वैमानिकांचा विषय निघालाच आहे तर मेमरी फोमबद्दल बोललं पाहिजे, कारण तोही विमानातलाच. १९६६ साली चार्ल्स योस्ट या अभियंत्याने नासाच्या कामासाठी तो बनवला, विमानाच्या खुर्चीत बसणाऱ्याला धक्का कमी लागावा म्हणून. हा फोम शरीराच्या उष्णतेने मऊ होतो, अंगाचा आकार घेतो आणि हळूहळू पूर्ववत होतो. म्हणजे जन्मतः तो खुर्चीतला, एका माणसासाठीचा आणि जागं राहायच्या कामातला. त्याला दोन माणसांच्या, झोपायच्या कामाला लावलं की त्याचा गोंधळ उडणं स्वाभाविक आहे. अंगाची ऊब साठवणारी ही वस्तू मुंबईच्या मे महिन्यात घरी येते, मग एकाला उकडतं, दुसऱ्याला थंडी वाजते आणि एसीच्या रिमोटवरून वेगळं युद्ध सुरू होतं. नव्या एसीचा आकडा सुरुवातीला चोवीसवर असावा असा नियम सरकारने २०२० पासून लागू केला. बहुधा सरकारलाही वाटलं असावं की निदान सुरुवात तरी कुणीतरी तिसऱ्याने ठरवून द्यावी. मेमरी फोमची पुढची कर्मकथा तर खास आपली. महागाची गादी खराब होऊ नये म्हणून तिच्यावरचं प्लास्टिक काढायचं नसतं, म्हणजे अंतराळ संशोधनातून आलेला फोम आणि माणूस यांची गाठच पडत नाही. गादी लक्षात ठेवते ती फक्त प्लास्टिकला. मग प्लास्टिकमुळे घाम येतो म्हणून वर जुनी कापसाची गादी टाकतात, आणि ती सरकते म्हणून त्यावर सतरंजी. एवढं झाल्यावर खालच्या गादीने दोघांना मानवायचं की नाही हा प्रश्न तसा उरतच नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

आता कूस बदलण्याचा मुद्दा. जाहिरातीत गादीवर काठोकाठ भरलेला ग्लास ठेवतात, शेजारी एक बाई उड्या मारते आणि ग्लास हलत नाही. या जाहिराती बघून खूप जण पॉकेट स्प्रिंग घेतात. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवायची, म्हणजे एक दबली तरी शेजारची ओढली जात नाही, ही कल्पना जेम्स मार्शल या कॅनडातल्या अभियंत्याची, सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीची. पटण्यासारखी आहे. माझा प्रश्न एवढाच की गादीच्या पोटात हजारभर स्प्रिंगांना आपापली स्वतंत्र खोळ मिळावी हे ज्यांना पटतं, त्यांना वर झोपणाऱ्या फक्त दोघांना ती मिळावी हे का पटू नये? आणि ग्लासचं म्हणाल तर रात्री तीन वाजता पाणी प्यायला उठणारा माणूस उड्या मारत नाही. तो आधी उठून बसतो, खाजवतो, सुस्कारा टाकतो, मोबाइलचा उजेड सोडतो आणि मग "जागी आहेस का?" असं विचारतो. याला कोणत्याच स्प्रिंगमध्ये उपाय नाही. मुळात कूस न बदलणारा जोडीदार मिळणं देवांच्या पातळीवरची गोष्ट आहे. विष्णू आषाढी एकादशीला झोपतात ते कार्तिकीला उठतात आणि मधल्या चार महिन्यांत एकदाच, भाद्रपदातल्या परिवर्तिनी एकादशीला, कूस बदलतात. त्या एकदा कूस बदलण्याचाही आपण उपवास धरतो. एवढा शांत झोपणारा नवरा असूनही चित्र नीट बघा : शेषाची गादी ऐसपैस आहे, वेटोळ्यांची आहे, म्हणजे स्प्रिंगचीच म्हणायची, डोक्याशी फण्यांचा हेडबोर्ड आहे, आणि तिच्यावर आडवे एकटे विष्णू. लक्ष्मी पायाशी बसलेली. वैकुंठातसुद्धा गादी निवडताना दुसऱ्या पार्टीला विचारलं होतं की नाही, अशी शंका घ्यायला जागा आहे. तुळजापूरला नवरात्राआधी भवानी मंचकी निद्रेला जाते, तिच्या गादीसाठी कापूस पिंजला जातो, आणि तिथे मात्र कसलाही वाद उद्भवत नाही. पलंग तिचा, निद्रा तिची.

"पण आपली परंपरा काय सांगते? नवरा-बायको एका गादीवर." हा आक्षेप घेणाऱ्यांची परंपरा बहुतेक हिंदी सिनेमात सुरू होते. जुन्या वाड्यात बाप्ये ओटीवर नाहीतर पडवीत आणि बायका माजघरात झोपत. जोडप्याला स्वतंत्र खोली मिळणं ही आधी जागेची आणि मग थोरल्यांच्या झोपेची मेहेरबानी होती. गादी म्हणजे एका माणसाची, कापसाची. सकाळी गुंडाळून तिची वळकटी भिंतीशी जायची, पाहुणे आले की तिचाच तक्क्या व्हायचा. पावसाळ्याआधी पिंजारी दारात यायचा, धुनकीचा टणटण आवाज करत कापूस पिंजायचा आणि गठ्ठे झालेली गादी पुन्हा फुगवून टाके घालून द्यायचा. मऊ हवी तर कापूस जास्त, कडक हवी तर टाके जास्त, हा संवाद प्रत्येक गादीपुरता स्वतंत्र व्हायचा. म्हणजे ज्याला आज परदेशी कंपन्या 'पर्सनलाइज्ड' म्हणून विकतात ते आपल्या दारात सायकलवरून येत होतं. डबलबेड आला तो फ्लॅटबरोबर. दोन माणसांना मिळून एकच चौरस फळा देऊन "आता जमवून घ्या" म्हणण्याची पद्धत काही ऋषिमुनींची नाही, ती फर्निचरवाल्याची आहे.

शिवाय उरलेल्या अंथरुणाकडे बघा. उशा दोन असतात. एकाची उशी उंच, एकाची पातळ, कुणाची तर बालपणापासूनची, जिला हात लावलेला चालत नाही. दोघांना मानवेल अशी एक लांबलचक उशी घ्या असं कुणी सुचवत नाही. पांघरुणं दोन असतात, ज्याची त्याची सोलापुरी चादर. स्वीडन-डेन्मार्ककडे एका पलंगावर दोन वेगळ्या दुलया घेऊन झोपतात आणि त्याचं कौतुक आपल्याकडे हल्ली लेख लिहून होतं; आपण तो लेख आपापली चादर ओढून वाचतो. वर दोन, डोक्याखाली दोन, आणि पाठीखाली मात्र एकच, हा कुठला न्याय?

"मग मोठाच पलंग घ्या ना," असं म्हणणारे लोक बहुधा बंगल्यात राहतात. इंग्लंडमध्ये सुमारे १५९० साली वेअर गावच्या खाणावळीसाठी बनवलेला एक पलंग आहे, तीन मीटरहून रुंद. चार जोडपी मावतील अशी त्याची ख्याती होती, शेक्सपिअरच्या नाटकात त्याचा उल्लेख येतो, आणि झोपून गेलेल्या लोकांनी आपल्या गड-किल्ल्यांसारखी त्याच्या लाकडावर नावं कोरून ठेवली आहेत. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, कारण तेवढी बेडरूम संग्रहालयालाच परवडते. आपल्याकडे दहा बाय अकराच्या खोलीत सहा बाय साडेसहा फुटांचा किंग साइज बेड गेला की कपाटाचं एकच दार उघडतं, आणि त्या दारामागे कुणाचे कपडे असतात हे सांगायला नको. त्यामानाने दोन गाद्यांचं गणित सोपं. सिंगल गादी छत्तीस इंच रुंद मिळते, दोन ठेवल्या की बहात्तर, म्हणजे सहा फुटी पलंग भरला. पथ्य एकच, दोन्हींची जाडी सारखी घ्यायची, एक सहा इंची आणि एक आठ इंची नको. नाहीतर पलंगावर पायरी होते आणि वरच्या पायरीवर कोण, हा नवा वाद.

आता सगळ्यात जड आक्षेप, मधल्या फटीचा. दोन गाद्या म्हणजे मध्ये फट, आणि फट म्हटल्यावर मराठी मनात लगेच "संसारात फट पडली" इथपर्यंत विचार जातो. जर्मनीत असंख्य जोडपी एका पलंगावर नव्वद-नव्वद सेंटिमीटरच्या दोन गाद्या घालून झोपतात, आणि त्यांच्या भाषेत या फटीला नावच आहे, बेझूखररित्से, म्हणजे पाहुण्यांची फट. आला-गेला झोपवायचा तर तिथे, अशी थट्टा त्यात आहे. एवढंच नाही, ही फट बुजवायला फोमची एक लांबट पट्टी मिळते, तिला ते लोक प्रेमाचा पूल म्हणतात. घट्ट, नेटक्या, वेळेवर झोपणाऱ्या त्या राष्ट्राने आधी नदी मान्य केली, मग तिच्यावर पूल बांधला. आपण नदी नाही असं म्हणत तिच्यात पडतो. पूल नको असेल तर दोन्ही गाद्यांना मिळून एक खोळ शिवून घेता येते, कोणताही गादीवाला शिवून देतो, फक्त "कशाला?" असं एकदा विचारतो.

ते "कशाला?" हीच खरी अडचण. पलंग घरात असला तरी गादीचं घरात येणं सोसायटीच्या जिन्यातून होतं. दोन सिंगल गाद्या वर चाललेल्या पाहून तळमजल्यावरच्या काकू थांबतात. "कोण येणार आहे का राहायला?" "नाही, आम्हालाच." "अच्छा," असं म्हणून काकू जो श्वास घेतात त्यात पूर्ण कौटुंबिक न्यायालय असतं. आईला फोनवर सांगितलं तर आई आधी गप्प होते आणि मग म्हणते, "मी येऊ का चार दिवस?" दोन गाद्या म्हणजे भांडण हे समीकरण इतकं पक्कं आहे की एका गादीवर पाठीला पाठ लावून तीन वर्षं न बोलणारी जोडपी मात्र सुखी धरली जातात. याला माझ्याकडे तर्काचं उत्तर आहे, पण जिन्यात तर्क चालत नाही. म्हणून व्यवहाराचं उत्तर देतो : एक गादी सकाळी आणा आणि दुसरी दुपारी, काकूंची झोपेची वेळ साधून.

"सवय होते हो," हा शेवटचा आक्षेप, आणि त्याच्याशी मला फारसं भांडायचं नाही, कारण सवय कशाचीही होते. कंपन्याही आता शंभर रात्री वापरून बघा, नाही आवडली तर परत करा, असं सांगतात. शंभराव्या रात्री परत करायची म्हणजे आधी दोघांनी ती नापसंत आहे यावर एकमत करायचं. ते एकमत करता आलं असतं तर दुकानातच झालं असतं. त्यामुळे एकशे एकावी रात्र उजाडते, गादी राहते, आणि पुढे ती एकाची पसंती आणि दुसऱ्याची तक्रार म्हणून नांदते.

माझ्या सिद्धांताला एकच जागा अशी आहे जिथे तो टिकत नाही, आणि ती लपवणं बरं नव्हे. सगळं नीट जमलं असं धरा. साताऱ्याची गादी कडक, कोल्हापूरची मऊ, जाडी सारखी, खोळ एक, वर चादर ताणून बसवलेली, काकूंना पत्ता नाही. दोन्ही बाजूंना इतकी गाढ झोप लागली आहे की वारणेचं पाणीही हलत नाही. रात्री दीडच्या सुमाराला दार किलकिलं होतं. साडेतीन वर्षांचा तिसरा पक्ष आपली उशी ओढत येतो. तहावर त्याची सही नव्हती. त्याला भीती वाटली आहे, किंवा तहान लागली आहे, किंवा काहीच झालेलं नाही. तो पायथ्याकडून वर चढतो, बरोबर पाहुण्यांच्या फटीत शिरतो, पाच मिनिटं शहाण्यासारखा सरळ झोपतो आणि मग हळूहळू घड्याळाच्या काट्यासारखा फिरू लागतो. दोन वाजता तो पूर्ण आडवा असतो, डोकं कोल्हापुरात आणि पाय साताऱ्याच्या बरगडीत. सव्वादोनला सातारकर आपली चादर काखेत मारून हॉलमधल्या दिवाणाकडे निघतात. कोल्हापुरातून झोपेतच आवाज येतो, "जाता जाता पंखा एकने कमी करा."